हिनाच्या नावाचा कोळी

हिना सांखलाने तिशी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता, आणि तरीही समुद्रकाठच्या कोळ्यांमधलं तिच्याइतकं कळणारं माणूस अख्ख्या खानदेशात नव्हतं. त्या विषयाला हात घालणारं दुसरं माणूसच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. जळगावात पिंप्राळ्याला तिच्या वडिलांचं, केवलचंद सांखलांचं, भांड्यांचं दुकान. दुकानाच्या वर घर, घराच्या मागच्या खोलीत हिनाचं टेबल, आणि टेबलासमोरच्या भिंतीवर हिंदी महासागराचा भलामोठा नकाशा. एप्रिलमध्ये नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, आणि ही पोरगी गुहागरच्या भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ सांगायची.

हे कोळी म्हणजे न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाळं विणून बसतात ते नव्हेत. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात ते राहतात. भरती आली की खडकाच्या भोकात नाहीतर रिकाम्या शिंपल्यात शिरतात, दारावर रेशमाचा पडदा ओढून आत हवा कोंडून घेतात, आणि डोक्यावरून समुद्र जातो तोवर गप्प बसून राहतात. ओहोटी लागली की बाहेर येऊन पोट भरतात. शास्त्रात यांच्या वंशाचं नाव ‘देसिस’. हे आडनाव समजा. त्यापुढे प्रत्येक जातीचं आपापलं पाळण्यातलं नाव. अशा पंधरा-वीस जाती, आफ्रिकेच्या टोकापासून जपान-न्यूझीलंडपर्यंत विखुरलेल्या. आपल्या किनाऱ्यावरच्या नोंदी मात्र अगदी तुरळक. कुठली जात कुठवर पसरली आहे, आणि वेगळ्या म्हणून मिरवणाऱ्या कुठल्या दोन जाती मुळात एकच आहेत, हे लावणं हा हिनाच्या पीएच.डी.चा विषय. नकाशावरच्या प्रत्येक नोंदीला तिने आईच्या पाकिटातली एकेक टिकली चिकटवली होती, जातीगणिक वेगळ्या रंगाची.

या कामाला चार वर्षं झाली होती. नात्यातल्या बायका लग्नकार्यात भेटल्या की विचारायच्या, ‘‘अजून कोळीच मोजते का गं?’’ हिना हसून वेळ मारून न्यायची. मनात मात्र एकच ध्यास होता. एक तरी पेपर असा निघावा, की ज्यावर लेखक म्हणून आपलं नाव असेल. फार मोठं मागणं नव्हतं ते.

आणि ते मिळणार याची तिला खात्री होती, कारण तिचे गाईड होते धनसिंग गिरासे सर. बी.एस्सी.ला जळगावात त्यांनी तिला शिकवलं, पुढे ते धुळ्याच्या कॉलेजात गेले. एम.एस्सी. झाल्यावर केवलचंदभाई म्हणाले होते, ‘‘आता बस झालं शिक्षण.’’ तेव्हा हेच सर धुळ्याहून एसटीने आले, दुकानातल्या गादीवर दोन तास बसले, तीन कप चहा प्यायले आणि शेवटी म्हणाले, ‘‘शेठ, मुलगी माझ्यावर सोडा.’’ वडिलांनी सोडली. बारा वर्षांच्या ओळखीत हिनाने सरांच्या शब्दावर एकदासुद्धा शंका घेतली नव्हती.

दोघांमध्ये एक करार होता. सांखलांच्या जैन घरात मुंगीच्या रांगेवरूनही पाय उचलून टाकतात. कोळी अभ्यासायचा तर तो अल्कोहोलच्या बाटलीत टाकावा लागतो, आणि ते हिनाच्या हातून होण्यासारखं नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी हसून सांगितलं होतं, ‘‘मारणार मी, पाहणार तू. पाप माझ्या डोक्यावर.’’ म्हणून कोकणात सर जायचे, नमुने सर आणायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडेपर्यंत बसायची हिना.

त्या वर्षी माघातल्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सरांनी गुहागरच्या पुढच्या खडकांवरून दोन माद्या आणल्या. त्या बाटलीत होत्या. शिवाय कालवांच्या कवचांचा एक मुठीएवढा गठ्ठा प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आणला होता. प्रयोगशाळेत हिनाने तो उलटा केला, तर त्यातल्या रेशमी पिशवीतून तिसरी मादी बाहेर आली. जिवंत. दोन दिवस डब्यात कोंडलेली, सहाशे किलोमीटर कोरड्या मुलखात आलेली, आणि तरी पुढचे पाय उगारून उभी.

‘‘टाक बाटलीत,’’ सर करार विसरून म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले.

हिनाने बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मग डबा ओढणीत गुंडाळला, एसटीत मांडीवर धरला, पारोळा-एरंडोल करत पिंप्राळ्याला घेऊन आली. संध्याकाळी सरांचा फोन आला. ‘‘तिसरा टाकला ना?’’

‘‘हो सर, टाकला,’’ ती म्हणाली. बारा वर्षांत सरांशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं.

आई, चंद्रकांताबेन, आधी ओरडली. मग बरणीत डोकावली, आणि विचारलं, ‘‘हिला खायला काय?’’

‘‘बारीक माश्या. जिवंत.’’

‘‘म्हणजे एकीला वाचवायला रोज दहांना मारायचं? हा कुठला हिशोब?’’

 उत्तर आईनेच काढलं. ट्यूबलाइटखाली सकाळी जी चिलटं आपसूक मरून पडलेली असतात, ती कागदावर गोळा करू लागली. हिना रंगाच्या ब्रशच्या टोकाला एकेक लावून बरणीत हलवायची. आठवडाभर मादीने ढुंकून पाहिलं नाही. मग उपाशी राहून राहून एके दिवशी झडप घातली. मिठाचं पाणी मोजून शिंपडायचं कामही आईनेच अंगावर घेतलं. तिने बरणीला ‘पाहुणी’ म्हणायला सुरुवात केली, आणि ती पाहुणी अर्धपोटी का होईना, पण जगत राहिली.

बाटलीतल्या दोघींवर हिना मार्चअखेरपर्यंत धुळ्यात काम करत होती. पायांवरचे काटे, जबड्याचे दात, सगळं मोजलं. मादीच्या पोटाखाली एक कठीण पट्टी असते, जातीची खरी ओळख तिथेच पटते. या दोघींची पट्टी लहान, फिकट आणि कुठल्याच ज्ञात जातीशी न जुळणारी होती. नवीन जात! हिनाने चोवीस चित्रं काढली, वर्णन लिहिलं आणि कच्चा मसुदा सरांच्या टेबलावर ठेवला. समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली: ‘सर, या दोन्ही पूर्ण वाढलेल्या आहेत ना? मला थोडी शंका आहे. कृपया एकदा पाहावे.’ कारण मादीची शेवटची कात पडायची बाकी असेल, तर ती पट्टी अर्धवटच दिसते.

सर म्हणाले, ‘‘बघतो मी. आणि नाव मी ठरवणार. तुला आवडेल असं.’’

जुलैत एका सकाळी त्यांचा फोन आला. ‘‘हिना, पेढे वाट! पेपर आला. नाव वाच आधी.’’

तिने दुकानाच्या पायरीवर बसूनच मोबाइलवर पेपर उघडला. देसिस हिनाए. तिच्या नावाची जात! क्षणभर तिला खरंच वाटलं, आपण रडणार. नावाची व्युत्पत्ती दिली होती: ‘कु. हिना सांखला हिच्या निष्ठेच्या सन्मानार्थ.’ मग तिची नजर वर, लेखकांच्या ओळीवर गेली. धनसिंग गिरासे, मयुरी गिरासे. बस्स. तिसरं नाव नव्हतं. मयुरी म्हणजे सरांची मुलगी, पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, झुरळ दिसलं तरी पलंगावर चढणारी. पेपरमधली चोवीसच्या चोवीस चित्रं हिनाची. मापं हिनाची. वाक्यंसुद्धा हिनाची, तिच्या एका चुकलेल्या स्वल्पविरामासकट. शेवटी आभारात बारीक अक्षरात, ‘चित्रांसाठी साहाय्य’ म्हणून तिचा उल्लेख. पेन्सिलीची ओळ तेवढी गेली होती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हिनाला ओरडावंसं वाटलं, आणि आत दुकानात वडील एका गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत होते, ‘‘आमच्या हिनाच्या नावाचा कोळी निघालाय समुद्रात.’’

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याला गेली. प्रयोगशाळेच्या दारात निंबाभाऊ भेटले, तिथले जुने परिचर, सरांच्याही आधीपासूनचे.

‘‘ताई, पेढा कोठे शेतस?’’ ते हसत आपल्या अहिराणीत म्हणाले. ‘‘तुम्हनं नाव किडाले दिधं म्हने सरनी. बठ्ठा कॉलेजमा तीच बात शे.’’

हिनाने विचारलं, ‘‘निंबाभाऊ, मी गेल्यावर सर इथे बसले होते का? नमुने पाहायला?’’

निंबाभाऊंनी सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातलेली होती. ‘‘तुम्ही गयात तवपासून ती पिशवी कोन्हीच काढी नही, ताई. धूळ मीच झटकस, माले माहीत शे.’’

सर केबिनमध्ये होते. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला, खुर्ची पुढे सरकवली आणि चेहऱ्यावर इतकं वात्सल्य आणलं की हिनाला विचारायची लाज वाटली. तरी तिने विचारलं.

‘‘अगं, लेखक स्वतःच्याच नावाने जातीचं नाव ठेवतो का कधी?’’ सर म्हणाले. ‘‘शास्त्रात ते अशिष्ट समजतात, तुला माहीत आहे. तुला लेखक केलं असतं, तर हे नाव देता आलं नसतं. मी विचार केला, पोरीला काय देऊ? लेखकांची नावं शेपटासारखी मागे असतात, कोण वाचतं? पण जातीचं नाव युगानुयुगं राहतं. आणि मयुरीचं एका पेपरवाचून अडलं होतं. घरातलीच ना ती तुझ्या?’’

काय बिनतोड युक्तिवाद! ज्या सन्मानाच्या ओझ्याने माणूस वाकतो, त्याच सन्मानाखाली त्याची मेहनत दडपून टाकायची, आणि वर त्यानेच पेढे वाटायचे. हिनाने चहा प्यायला, ‘‘थँक यू सर’’ म्हटलं आणि बाहेर आली. सगळ्यात जास्त राग तिला त्या ‘थँक यू’चा आला. परतीच्या एसटीत ती मुक्टीपासून एरंडोलपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडली.

पुढच्या महिन्यात समाजाने सत्कार ठेवला. जळगावातल्या एका मंगल कार्यालयात शाल, श्रीफळ, मोमेंटो, आणि प्रमुख पाहुणे म्हणून अर्थातच गिरासे सर. शाल त्यांच्याच हातून घ्यायची होती. घेतली. वडिलांचे डोळे भरून आले होते, त्यांच्याकडे पाहून हिना मूग गिळून बसली. तिची व्यथा समजून घ्यायची तर आधी लेखक म्हणजे काय, जात म्हणजे काय, हे सांगावं लागलं असतं. आणि ते ऐकून कुणीही म्हणालं असतं, ‘‘अगं, कोळ्याला तुझं नाव आहे, अजून काय पाहिजे?’’ स्थानिक पेपरातलं कात्रण वडिलांनी फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं.

सप्टेंबरात संवत्सरी आली. पर्युषणाच्या या शेवटच्या दिवशी सांखलांच्या घरातली सगळी माणसं वर्षभरात मनाने, वाणीने, कायेने ज्यांना दुखावलं असेल त्यांची क्षमा मागतात. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. हिना दरवर्षी सरांना मेसेज करायची. सरांना ही प्रथा इतकी आवडली होती की तीन-चार वर्षांपासून तिच्याआधी त्यांचाच मेसेज यायचा. या वर्षीही आला. हात जोडल्याचं चित्र आणि खाली: ‘मिच्छामि दुक्कडम्, बेटा.’

हिना फोनकडे बघत राहिली. म्हणजे त्यांना कळत होतं! जे केलं ते काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि त्याची क्षमा तिच्याच घरच्या शब्दांत, एका बोटाने मागून ते मोकळे झाले होते. चोरीपेक्षा हे तिला जास्त लागलं. तरी बोटांनी सवयीने उत्तर टाइप केलं, आणि क्षमा देऊन टाकली.

ऑक्टोबरात एका सकाळी आईने हाक मारली. ‘‘हिना, पाहुणीला काय झालं बघ गं! दोन दिसताहेत.’’

बरणीत एक पोकळ, पारदर्शक मादी दगडाला चिकटून होती, आणि बाजूला तिच्याहून मोठी, ओलसर, फिकट मादी निपचित पडली होती. कात टाकली होती. हिनाने दोन दिवस तिला अंग वाळवू दिलं. मग काचेच्या नळीत अलगद घेतलं, कापसाच्या बोळ्याने नळीच्या टोकाला टेकवलं आणि घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पोट वर करून पाहिलं.

पट्टी पूर्ण उघडली होती. रुंद, काळसर, मध्ये दोन खोलगट वळणं. हे चित्र हिनाने शंभरदा पाहिलं होतं. शंभरएक वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका बेटावरून वर्णन झालेली जुनी जात. नकाशावर तिची हिरवी टिकली पार तळाशी, एकटीच होती.

मग तिने कात पाहिली. लहान फिकट पट्टी, जबड्याचे तेवढेच दात, पायांवर तेवढेच काटे. देसिस हिनाए, जशीच्या तशी. म्हणजे हिनाए नावाची जात नव्हतीच. ती त्या जुन्या जातीचीच, वाढ पुरी न झालेली पोर होती. समासातली शंका खरी होती.

हिना खुर्चीत मागे टेकली. पहिल्यांदा आली ती लाज. चूक मुळात तिची होती, चित्रं तिनेच काढली होती. मग आला संताप. सरांनी पिशवी काढून एकदा डोळा लावला असता, तरी पुरे होतं. त्यांनी चोरी केली ती चुकीसकट केली, आणि शंका तेवढी खोडून टाकली. आणि मग आलं ते सगळ्यात अवघड. गप्प बसलं तर नाव राहतं. वडिलांची फ्रेम राहते. बोललं तर आपलं नाव आपल्याच हाताने पुसायचं.

ती कातीची डबी आणि नळी घेऊन धुळ्याला गेली. या वेळी तिने चहा नको म्हटलं.

सरांनी सगळं ऐकलं. डबीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. ‘‘ही कुठून आणली?’’

‘‘तुम्हीच आणली होती, सर. ही तिसरी.’’

‘‘तू तर टाकली म्हणाली होतीस.’’ सरांचा आवाज बदलला. ‘‘म्हणजे माझ्याशी खोटं बोललीस? बारा वर्षं मी तुला मुलीसारखं... आणि तू आठ महिने मला फसवत होतीस?’’

ते नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच लागलं होतं, आणि हिनाला त्याचंच आश्चर्य वाटलं.

‘‘त्याचं मला वाईट वाटतं, सर. पण जात नवीन नाही. आपण छापायला हवं.’’

‘‘चित्रं तुझी, मापं तुझी. मग चूकही तुझीच!’’

‘‘हो, सर,’’ हिना म्हणाली. ‘‘सगळंच माझं होतं. मग लेखकांत मी का नव्हते?’’

 खिडकीतून बाहेर पाहत सरांनी टेबलावर बोटं वाजवली. मग पुन्हा तो जुना, मऊ आवाज काढला. ‘‘हे बघ, घाई करू नको. स्वतःचं नाव पुसायला निघालेली बाई पाहून लोक हसतील. तू असं कर, नळी आणि डबी इथे ठेवून जा. मी नीट पाहतो. तुझ्या प्रबंधावर शेवटी सही माझीच लागते, हेही ध्यानात असू दे.’’

याआधी त्यांनी ‘ठेवून जा’ म्हटलं की ती ठेवून जायची. मसुदाही असाच ठेवून गेली होती. हिनाने नळी रुमालात गुंडाळली, डबी पर्समध्ये टाकली आणि उठली. त्या आठवड्यात तिने गाईड बदलायचा अर्ज दिला. त्यात दीड वर्ष वाढणार, हे तिला कारकुनाने आधीच सांगितलं होतं.

पेपर लिहून झाला, पण एक अडचण राहिली. संपादकांनी कळवलं की पूर्ण वाढलेली मादी संग्रहालयात जमा करावी लागेल, म्हणजे अल्कोहोलमध्ये. हिनाने बाटली आणून टेबलावर ठेवली. पाहुणी नळीच्या सावलीलाही पाय उगारायची, पण ब्रश दिसला की पुढे यायची. आठ दिवस बाटली तशीच पडून होती. शेवटी हिनाने संपादकांना लिहिलं, ‘मादी जिवंत आहे. ती आपल्या मरणाने मेल्यावर जमा करीन.’ असं पत्र त्यांना पहिल्यांदाच आलं असावं. उत्तर आलं, ‘थांबतो.’

सात महिने थांबावं लागलं. त्या सात महिन्यांत सरांना दोन परिषदांना बोलावणं आलं, आणि दोन्हीकडे पडद्यावर देसिस हिनाए झळकली. हिना रोज सकाळी ब्रशच्या टोकाला चिलट लावत होती. मेच्या उन्हाळ्यात एके दिवशी पाहुणी ब्रशला आली नाही. आई बरणीजवळ बसून नवकार मंत्र म्हणाली. दुपारपर्यंत तिचे पाय आक्रसले. मग हिनाने तिला बाटलीत सोडलं आणि आत चिठ्ठी टाकली, शिसपेन्सिलीने, जशी रीत आहे तशी. किनारा, तारीख, आणि ‘संग्राहक: ध. गिरासे’. कारण आणली त्यांनीच होती. दुसऱ्याचं काम त्याच्याच नावावर लिहिणं इतकं सोपं असतं.

पेपर छपाईला पाठवायच्या आदल्या दिवशी तिने वडिलांना दुकानात गाठलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लेखक म्हणजे काय, तेही सांगितलं. केवलचंदभाई बराच वेळ हातातली कळशी फडक्याने पुसत राहिले.

‘‘म्हणजे तुझं नाव तूच खोडणार?’’

‘‘हो, पप्पा.’’

‘‘आणि त्या माणसाला मी गादीवर बसवून मुलगी सोपवली होती.’’ त्यांनी कळशी खाली ठेवली. ‘‘या नव्या कागदावर कुणाचं नाव आहे?’’

‘‘माझं. एकटीचं.’’

ते उठले, स्टुलावर चढले आणि गल्ल्यामागची फ्रेम स्वतःच्या हाताने काढली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. त्या चौकोनाकडे हिनाला पाहवलं नाही.

पेपर त्याच वर्षी संवत्सरीच्या आठ दिवस आधी छापून आला. त्यात जुन्या जातीच्या नावाखाली, तिच्या पोटात घातलेलं एक नाव होतं: देसिस हिनाए, गिरासे आणि गिरासे. पुढे कंसात ‘अपूर्ण वाढीच्या मादीवरून, ग्राह्य नाही’. आणि लेखकाच्या जागी एकच नाव, हिना सांखला. नकाशावर कोकणच्या किनाऱ्यावरची हिनाएची लाल टिकली तिने नखाने उचकटली आणि तिथे हिरवी लावली. दक्षिणेतली ती एकटी जात आता हजार किलोमीटर वरपर्यंत पसरलेली निघाली होती. ही नवी गोष्ट होती, आणि ही तिची होती.

संवत्सरीला सकाळपासून फोन वाजत होता. मामा, मावश्या, व्यापारी मंडळी, सगळ्यांचे हात जोडलेले मेसेज. सरांचा नव्हता. दुपारी प्रतिक्रमणाच्या विधीला जाण्याआधी हिना बसली आणि लिहिलं:

‘मिच्छामि दुक्कडम्, सर. तिसरी मादी बाटलीत टाकली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.’

खाली पेपर जोडला आणि पाठवून दिला. थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. वर ‘टाइप करत आहे’ अशी अक्षरं आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. आईने जिन्यातून हाक मारली तोवर हिना वाट पाहत होती, आणि अजूनही वाट पाहतो आहोत याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता. उत्तर आलं नाही.